आवाज कुणाचा?

"वहिनी, औंदा दसऱ्याला महाराजांची मेबॅक बघितली का?"

"बघितली की. दसरा चौकात अगदी पुढंच उभी होते. पण त्या गर्दीत इंजिनाचा आवाज कुठला ऐकू यायला!"

"तेच की. ऐकायची गाडी, लोक नुसती बघून परत येत्यात. बघायला काय, बरा रंग मारला तर आमचा टेम्पोबी बघण्यासारखा दिसतोय."

भाऊजी आमच्या पलीकडच्या घरातले. सगळा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगवर गेला. आता धंदा मुलगा बघतो आणि हे कंपाउंडच्या भिंतीवर कोपरं टेकून गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीचं निदान करतात. हिचं टॅपेट वाजतंय, तिचं माउंटिंग बसलंय, त्या तिसरीच्या मालकाला घरी गेल्यावर बायको बोलणार आहे. मी हायस्कुलात फिजिक्स शिकवलं आणि निवृत्तीनंतर जुन्या मोटारींच्या इतिहासाचा नाद लावून घेतला. त्यामुळे कारण मला कळतं असं मला वाटतं, आणि इंजिन फक्त त्यांना कळतं असं त्यांना वाटतं. मधे भिंत आहे ते बरं आहे.

"मेबॅक नुसती गाडी नाही, भाऊजी, घराणं आहे," मी म्हटलं. "थोरला विल्हेल्म मेबॅक. १९०१ सालची पहिली मर्सिडीज त्याच्या हातची. त्याआधीच्या बहुतेक इंजिनांत मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह आपसूक उघडायचा. पिस्टननं ओढ घेतली की उघडला, ओढ संपली की स्प्रिंगनं मिटला. इंजिन हळू चालवायचं म्हटलं की त्याचा ताल बिघडायचा. मेबॅकनं त्या व्हॉल्व्हलाही कॅम दिला. आणि पोरगा कार्ल, त्यानं हवाई जहाजांची इंजिनं केली. 'ग्राफ झेपेलिन'ला पाच मेबॅक होती, बारा-बारा सिलिंडरची."

अक्का, म्हणजे भाऊजींच्या मंडळी, घेवडा मोडत पायरीवर बसल्या होत्या. "कुणाचं काय चाललंय गं?"

"जर्मनीतल्या बापलेकाचं, अक्का."

"भांडण?"

"नाही. चांगलं चाललं होतं."

"मग काय सांगतीस त्यात!"

अक्कांचं बरोबर होतं. मेबॅकच्या घरात ऐकण्यासारखं फार नाही. भांडणं ऐकायची तर त्या काळातल्या इंग्लंडात जायला हवं. महाग गाड्यांचे चार-पाच कारखाने, एकमेकांच्या इंजिनाला कान लावून बसलेले, आणि जो तो म्हणणार की आमचीच गाडी मुकी.

"रॉइसचं तरी सांगा मग हिला," भाऊजी म्हणाले. "तो आमच्यातला माणूस. हातानं काम करणारा."

हेन्री रॉइसचा मँचेस्टरात डायनॅमो आणि विजेच्या क्रेनचा कारखाना. या गृहस्थानं एक फ्रेंच देकोव्हिल गाडी घेतली, तीही सेकंड-हँड. सेकंड-हँड गाडी घेतली की माणूस एकतर मेकॅनिकला शिव्या देतो, नाहीतर स्वतःच मेकॅनिक होतो. रॉइस दुसऱ्या जातीचा. तिचा खडखडाट त्याला सोसवेना, म्हणून आधी तिची दुरुस्ती आणि मग स्वतःचीच गाडी. १९०४ च्या एप्रिलमध्ये ती रस्त्यावर आली: दोन सिलिंडर, दहा हॉर्सपॉवर. तिकडे लंडनमध्ये चार्ल्स रोल्स, लॉर्डाचा मुलगा, परदेशी गाड्या विकत बसलेला. दोन सिलिंडरची गाडी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी. ४ मे १९०४ ला तो मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात रॉइसला भेटला, गाडीत बसून आला आणि रॉइस बनवेल तेवढ्या सगळ्या गाड्या मी विकतो म्हणून मोकळा झाला.

"स्थळ बघायला गेला आणि सुपारी फोडून आला," अक्का म्हणाल्या.

"पण वहिनी, दोन सिलिंडरचं इंजिन मऊ चालवलं म्हणजे त्यात जादू न्हाई," भाऊजी म्हणाले. "दोन पिस्टन काट्यावर घाला, कनेक्टिंग रॉड घाला, वजन मिळवा. क्रँक सुरीच्या धारेसारख्या दोन पट्ट्यांवर ठेवा, जड बाजू आपसूक खाली येती, तिथं ड्रिल मारा. फिटिंग असं करा की फट न्हाई आणि जाम न्हाई. हे कुणालाबी येतं. करायचा कंटाळा येतोय लोकांना."

माझंही मत तेच आहे. रॉइसनं नवा शोध क्वचितच लावला. दुसऱ्यांचं चांगलं घ्यायचं आणि त्यातला आळस काढून टाकायचा, हा त्याचा गुण. फक्त हा गुण एका पायरीपर्यंतच पुरतो. पुढे गणित लागतं.

"चारचं इंजिन कितीही वजन मिळवून बांधलं तरी हलतंच, हे तुम्हाला माहीत आहे. का हलतं ते सांगते."

"फळा आणू का?" भाऊजी.

"नको, हात पुरेत. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. वाटतं की फिटंफाट झाली. पण क्रँक एकसारखा फिरला तरी पिस्टन एकसारखा चालत नाही. कनेक्टिंग रॉड तिरपा होतो, त्यामुळे वरच्या अर्ध्या फेरीत पिस्टन जास्त अंतर कापतो आणि खालच्या अर्ध्या फेरीत कमी. वरचे दोन आणि खालचे दोन यांचा हिशेब पुरता जुळत नाही, बाकी राहते. ती बाकी क्रँकच्या एका फेरीत दोनदा अख्ख्या इंजिनाला वर-खाली हलवते. सहा सिलिंडर एका ओळीत घेतले आणि क्रँकचे हात एकशेवीस अंशांवर ठेवले की ही बाकीही शून्य."

"कागदावर."

"कागदावर," मी कबूल केलं. "आणि तिथूनच भांडण सुरू होतं, अक्का."

अक्कांनी घेवड्याचं ताट मांडीवर घेतलं.

सहा सिलिंडरची गाडी बाजारात खपवून दाखवली ती नेपियरनं, १९०४ च्या सुमारास. गाड्या नेपियरच्या, तोंड एस. एफ. एजचं. एज मूळचा ऑस्ट्रेलियातला, सायकलशर्यतीतला, आणि विक्रेता असा की पाण्यालाही गिऱ्हाईक मिळवावं. १९०७ मध्ये ब्रुकलंड्सचा नवा ट्रॅक उघडला तर हा गडी त्यावर चोवीस तास एकटा नेपियर हाकत राहिला, ताशी पासष्ट मैलांच्या वर सरासरी ठेवून. तर या एजच्या सहा सिलिंडरी इंजिनाला एक खोड होती. ठरावीक वेगाला आलं की आतून खडखडाट सुरू. वेग वाढवला की बंद, खाली आला की पुन्हा. बरा होईना तेव्हा एजनं त्या आवाजाचं बारसं केलं. गिऱ्हाइकाला सांगायचा की हा 'पॉवर रॅटल', म्हणजे ताकदीची खडखड!

भाऊजी खो खो हसले. "आमच्याकडंबी हुते असले. इंजिन धूर टाकतंय म्हटलं की म्हणायचं, साहेब, नवीन रिंगा हायत, बसायला वेळ लागतोय."

"ती खडखड कसली ते तुम्हीच सांगा आता. क्रँक तुमचं खातं."

"पीळ," ते म्हणाले, आणि मग आवाज जरा खाली आणून, लाडक्या विषयावर बोलावं तसं बोलू लागले. "सहाचा क्रँक लांब. एका टोकाला फ्लायव्हील, ते जड, जागचं हलत न्हाई. दुसरं टोक मोकळं. पुढच्या सिलिंडरात बार उडाला की मोकळं टोक आधी फिरतंय आणि फ्लायव्हील मागनं. तुम्ही धुणं पिळताय ना, तसा पीळ बसतोय लोखंडाला. बार सरला की पीळ सुटतोय, उलटा बसतोय. एका वेगाला हे बार आणि हा पीळ एका तालात आले की संपलं. आधी खडखड, मग एक दिवस क्रँकचे दोन तुकडे. असला तुटलेला क्रँक आणला तर तुकडा बघूनच कळतंय. तिरका तुटतोय."

रॉइसही यातून सुटला नव्हता. १९०५ च्या सुमाराची त्याची पहिली सहा सिलिंडरी गाडी, तीस हॉर्सपॉवरची, दोन-दोन सिलिंडरच्या तीन जोड्या ओळीनं लावून केलेली. तिचे क्रँक मोडत. रोल्स-रॉइसच्या गौरवग्रंथांत हे पान घाईनं उलटतात. पण एजनं आवाजाला नाव दिलं तिथे रॉइसनं क्रँकच बदलला. १९०६ च्या नव्या ४०/५० मॉडेलात तीन-तीन सिलिंडरचे दोन ठोकळे, क्रँक जाड, त्याला सात बेअरिंगांचा आधार आणि बेअरिंगांना दाबाखाली तेल. इंजिन सात लिटरचं. वीस वर्षं ही गाडी चालली आणि साडेसात हजारांवर निघाल्या. त्यातल्याच एका गाडीला कंपनीच्या क्लॉड जॉन्सननं रुपेरी रंग दिला, दिवे-कड्या चांदीच्या मुलाम्याच्या केल्या आणि नाव ठेवलं 'सिल्व्हर घोस्ट'. चालते कधी, थांबते कधी, कळत नाही म्हणून.

"गाडीला भुताचं नाव?" अक्का ताट बाजूला ठेवून म्हणाल्या. "आपल्याकडं तर लिंबू-मिरची बांधतोय!"

"ऐका तर. १९०७ मध्ये या भुताला रस्त्यावर काढलं. रॉयल ऑटोमोबाइल क्लबचा माणूस शेजारी बसवून लंडन ते ग्लासगो, ग्लासगो ते लंडन, रात्रंदिवस, पंधरा हजार मैल. रविवारी तेवढी सुट्टी. चौदा हजार तीनशे एकाहत्तर मैल ती स्वतःहून एकदाही थांबली नाही. नंतर गाडी खोलून झिजलेलं सगळं नव्यासारखं करायला म्हणून जे सुटे भाग लागले त्यांचा खर्च दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स."

"आणि त्या चौदा हजारांच्या आधी?" भाऊजींनी बोट वर केलं. "पंधरा हजारांतले उरलेले कुठं गेले?"

माणूस हुशार आहे. "त्याच्या आधी एकदा थांबली. सहाशे एकोणतीस मैलांवर. पेट्रोलची तोटी हादऱ्यानं आपोआप बंद झाली."

भाऊजींना हे इतकं आवडलं की त्यांनी भिंतीवर थाप मारली. "हादऱ्यानं! जगातली सगळ्यात मऊ गाडी, आणि हादऱ्यानं थांबली! बघा वहिनी, इंजिन गप झालं तरी रस्ता गप बसत न्हाई."

मी म्हटलं की हादरा स्कॉटलंडच्या रस्त्याचा होता, इंजिनाचा नव्हे. त्यांनी ते कानांवर घेतलं नाही. खरं सांगायचं तर या गोष्टीत मलाही त्या दोन पौंडांपेक्षा ती तोटी जास्त आवडते. इतकं सगळं तोलून-मापून बांधलेलं यंत्र, आणि दोन बोटांच्या पितळी तोटीकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

एज गप्प बसणारा नव्हता. १९११ मध्ये त्यानं नेपियर लंडनहून एडिंबरापर्यंत फक्त वरच्या गिअरमध्ये नेली. हल्लीच्या पोरांना यातली गंमत कळणार नाही. गर्दीत माणसाच्या चालीनं जायचं, चढ चढायचा, पुन्हा वेग घ्यायचा आणि गिअर बदलायचा नाही. इंजिन अगदी कमी फेऱ्यांतही धक्के न देता ओढणारं असेल तरच हे जमतं. मुकेपणाची खरी परीक्षा ही. रेडिएटरच्या टोपणावर नाणं उभं करून दाखवायचे म्हणतात, ते जत्रेतलं काम. गाडी उभी असताना कोण शहाणं वागत नाही? नेपियरनं एका गॅलनला १९.३५ मैल दिले. रोल्स-रॉइसनं तोच रस्ता, तोच गिअर धरून २४.३२ मैल काढले आणि वर तीच गाडी ब्रुकलंड्सवर ताशी ७८.२६ मैलांनी पळवली. त्यानंतर एजनं त्या विषयावर फार बोलल्याचं माझ्या वाचनात नाही.

"आपल्याकडं आणली असती म्हणजे कळलं असतं," भाऊजी म्हणाले. "तिकडं रस्ते गुळगुळीत."

"आणली होती. कोल्हापूरलाच."

ते भिंतीवरून अर्धे अलीकडे आले.

१९०८ ची गोष्ट. गादीवर शाहू महाराज. मुंबई-कोल्हापूर मोटारींची चाचणी लागली, सहाशेवीस मैलांची, वाटेत सहा घाट. त्यात एक ४०/५० उतरली होती. तिचं नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट', पूर्वेचा मोती. ती जिंकली आणि मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी तिला घेतलं. म्हणजे इंग्लंडबाहेर या गाडीनं नाव काढलं ते आपल्या घाटांत, आणि गेली तीही मराठी घरात.

"१९०८ ला तो घाट म्हणजे..." भाऊजी मनातल्या मनात गिअर टाकत होते. "तापली कशी न्हाई?"

"तापलीही असेल. जिंकली एवढं लिहिलेलं आहे."

"सहाशेवीस मैलात पेट्रोलची तोटी तेवढी बांधून ठेवली असणार," ते म्हणाले. तोटी त्यांना सोडवत नव्हती.

अक्का म्हणाल्या, "हे दोघंच का? तिसरं कुणी?"

तिसरं होतं आणि ते अमेरिकेतून आलं होतं. चार्ल्स नाइट, शिकागोकडचा, दूध-लोण्याच्या धंद्याचं वर्तमानपत्र काढणारा. त्यानं नॉक्स नावाची गाडी घेतली आणि तिच्या व्हॉल्व्हच्या टकटकीनं त्याचं डोकं उठलं. आपण असतो तर कानात बोळे घातले असते. या बाबानं व्हॉल्व्हच काढून टाकले. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये एकात एक अशा दोन नळ्या घातल्या. त्या वर-खाली सरकतात, त्यांच्या खिडक्या समोरासमोर आल्या की वाट उघडी, सरकल्या की बंद. टॅपेट नाही, व्हॉल्व्हची स्प्रिंग नाही, आपटणारं काहीच नाही. अमेरिकेत आधी कुणी विचारलं नाही. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या डेमलरनं १९०८ मध्ये उचललं. लोकांना विश्वास बसेना, तेव्हा त्याच ऑटोमोबाइल क्लबनं दोन इंजिनं सलग एकशे बत्तीस तास पूर्ण भारावर चालवली, मग गाडीत घालून ब्रुकलंड्सवर दोन हजार मैलांच्या आसपास पळवली, मग पुन्हा बेंचवर चढवली. काही बिघडलं नाही. १९०९ ची क्लबची ड्यूअर ट्रॉफी डेमलरला.

"तेल?" भाऊजींनी एकाच शब्दात विचारलं.

"हो, तेल."

"दोन नळ्या, चार पृष्ठभाग, सगळ्यांना तेल पाहिजे. वरनं आग. तेल जळणारच. धूर किती?"

"निळा. भरपूर." आणि गंमत अशी की इंग्लंडचा राजा डेमलरमधूनच फिरायचा. राजाची स्वारी निघायची, इंजिनाचा चकार शब्द नाही, आणि मागे निळसर धुराचा पट्टा. बेल्जियमच्या मिनर्व्हानं, फ्रान्सच्या पानार्डनं, पुढे वॉझँनंही नाइटची परवानगी घेतली. १९२६ मध्ये डेमलरनं बारा सिलिंडरची 'डबल सिक्स' काढली, तीही नळ्यांचीच. १९३०च्या दशकाच्या मध्यावर मात्र त्यांनीही नळ्या सोडल्या. तोवर साधे व्हॉल्व्ह पुरेसे शहाणे झाले होते. मला स्वतःला ही आडवाट वाटते. सुंदर, पण आडवाटच.

"ह्यात एक गोष्ट राहिली," मी म्हटलं. "डेमलरच्या या मुक्या सहामध्ये व्हॉल्व्हची टकटक गेली, आणि मग काय ऐकू आलं असेल?"

"क्रँकचा पीळ!" भाऊजी म्हणाले. "सांगा म्हणू नका. सगळा जन्म हेच केलंय. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं टॅपेट वाजतंय. टॅपेट गप केलं की दुसऱ्या दिवशी परत हजर, टायमिंगची चेन वाजतीय. अरे बाबा, ती आधीपासनंच वाजत व्हती, टॅपेटच्या आवाजात दबली व्हती. चेन बदलली की म्हणायचा डिफरन्शियल घुमतंय. एक आवाज मेला की त्याच्या मागचा उठून बसतोय."

डेमलरनं त्या पिळासाठी बोलावलं फ्रेडरिक लँचेस्टरला. इथं मात्र मी खुर्ची ओढून बसले, कारण या माणसावर माझा जीव आहे. बर्मिंगहॅमचा. त्याची स्वतःची पहिली विक्रीची गाडी बघा: दोन सिलिंडर समोरासमोर आडवे, पण क्रँकशाफ्ट दोन, एकावर एक, एकमेकांच्या उलट फिरणारे. एकेका पिस्टनला तीन-तीन कनेक्टिंग रॉड. एकाचा हिसका दुसरा जागच्या जागी खाऊन टाकणार. मुंबईत जे. जे.च्या आवारात जन्मलेला किपलिंग याच गाड्यांचं गिऱ्हाईक होता.

"सहा रॉड! दोन सिलिंडरला!" भाऊजींच्या चेहऱ्यावर भक्ती आणि दया दोन्ही होती. "बसवायला किती वेळ लागत असंल."

डेमलरसाठी लँचेस्टरनं क्रँकच्या मोकळ्या टोकावर एक छोटं चाक दिलं. घट्ट बसवलेलं नव्हे, पत्र्याच्या चकत्या आणि तेल यांच्यामधून धरलेलं. क्रँक एकसारखा फिरतो तोवर हे चाक मुकाट्यानं बरोबर फिरतं. पीळ बसून क्रँक थरथरला की चाक मागे रेंगाळतं, चकत्या घासतात आणि थरथर तिथेच जिरते. १९१० चं पेटंट. रॉइसनंही आपल्या ४०/५० मध्ये स्वतःच्या पद्धतीनं तसंच काही केलं होतं, म्हणून आधी कुणी केलं यावर दोघांचे भक्त आजही हमरीतुमरीवर येतात. चार सिलिंडरच्या त्या उरलेल्या बाकीवरही लँचेस्टरनंच औषध काढलं: दोन छोटे शाफ्ट, असमतोल वजनाचे, उलटसुलट दिशांनी, क्रँकच्या दुप्पट वेगानं फिरवायचे.

"बॅलन्सर शाफ्ट! हे त्याचं? मला वाटलं जपान्यांचं."

"मित्सुबिशीनं १९७५ च्या सुमाराला ते पुन्हा बाहेर काढलं, आणि आपल्या ९४४ गाडीसाठी पोर्शेनं त्यांना पैसे मोजले. लँचेस्टर १९४६ मध्ये गेला होता. उतारवयात हातात पैसा नव्हता."

"तसंच असतंय," अक्का म्हणाल्या. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग भाऊजींनीच अमेरिकेचा विषय काढला, कारण कॅडिलॅकबद्दल त्यांना आदर आहे आणि तो वेगळ्या कारणानं आहे. १९०८ मध्ये याच ब्रुकलंड्सवर तीन कॅडिलॅक पूर्ण सोडवल्या, भाग एकत्र मिसळले, त्यातले काही काढून गोदामातले नवे घातले, आणि नुसत्या पान्या-स्क्रू-ड्रायव्हरनं पुन्हा तीन गाड्या उभ्या करून प्रत्येकी पाचशे मैल पळवल्या. कानस कुठेही लावली नाही. ड्यूअर ट्रॉफी मिळाली. "रॉइसचा फिटर मेला तर त्याच्याबरोबर त्याचा हातबी जातोय," भाऊजी म्हणतात. "कॅडिलॅकच्या लेलँडचं मोजमाप गेजमधी व्हतं."

पण मुकेपणात कॅडिलॅक लगेच पहिली आली नाही. १९१४ मध्ये त्यांनी व्ही-८ काढलं, म्हणजे चाराच्या दोन ओळी तिरक्या जोडल्या. क्रँक चाराचाच, सपाट. त्यामुळे चाराची ती बाकी गेली नाही, फक्त वर-खाली हलायचं ते आता आडवं हलू लागलं. पॅकार्डनं लगेच पुढच्या वर्षी 'ट्विन सिक्स' बारा आणून खोडी काढली, कारण बारा म्हणजे दोन सहा, आणि सहा आधीच शुद्ध. कॅडिलॅकनं उत्तर शोधायला १९२३ उजाडलं. सिलिंडर वाढवले नाहीत. क्रँकचे हात एका पातळीतून काढून नव्वद-नव्वद अंशांवर दोन पातळ्यांत लावले आणि त्यामुळे नवा जो झोल येणार होता त्याला क्रँकवरच वजनं दिली. व्ही-८ गप्प झालं. पीअरलेस कंपनीही त्याच वेळी त्याच उत्तरापाशी पोचली होती. दोघांनी भांडण न करता वाटून घेतलं. सगळ्या इतिहासात मला हा क्रँक सगळ्यात आवडतो. एक ग्रॅम शोभा नाही, नुसता हिशेब.

"घडवायला अवघड असतोय तो," भाऊजी म्हणाले. "सपाट क्रँक काय, टेबलावर झोपतो."

मग अर्थातच हाव सुटली. जानेवारी १९३० मध्ये, शेअरबाजार कोसळून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा कॅडिलॅकनं सोळा सिलिंडर काढले. साडेसात लिटरच्या जवळ, १६५ हॉर्सपॉवर. वायरी-नळ्या झाकून इंजिन बघायलाही देखणं केलं होतं. अकरा वर्षांत चार हजारांच्या आसपास गाड्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त पहिल्याच वर्षी गेल्या. मी म्हटलं, ही उधळपट्टी. भाऊजी म्हणाले, सोळाच्या सोळा टॅपेट... आणि स्वतःच थांबले, कारण सोळा सिलिंडरला टॅपेट बत्तीस. त्या इंजिनात व्हॉल्व्हची फट तेलाच्या दाबानं आपोआप भरून निघायची, फीलर गेज घेऊन बसायला नको. १९३३ मध्ये पिअर्स-अ‍ॅरोनं असेच हायड्रॉलिक टॅपेट आणले.

"टॅपेट सेट करणाऱ्यांच्या पोटावर पाय," भाऊजी.

ज्यांना सोळा सिलिंडर परवडणार नव्हते त्यांच्यासाठी १९३१ मध्ये क्रायसलरनं प्लिमथमध्ये रबर घातलं. इंजिन हलतंय ना, हलू दे. फक्त त्याच्या वजनाचा मध्य साधून दोन रबरी टेकूंवर असं झुलवायचं की ते हलणं चासीपर्यंत पोचू नये. चार सिलिंडर, पण आत बसलेल्याला कळू नये. सित्रोएननं पुढच्याच वर्षी परवानगी घेतली. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात स्वातंत्र्याच्या वर्षी डॉज आणि प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या, तोवर रबर ही नवलाई राहिली नव्हती.

"म्हणजे दुखणं बरं केलंच न्हाई. गिऱ्हाइकाच्या बुडाखाली उशी दिली," भाऊजी म्हणाले. पण आवाजात कौतुक होतं. उद्यमनगरात स्वस्तातला इलाज कुणी कमी लेखत नाही.

"आणि शेवटी सगळ्यांत मोठा आवाज कशाचा राहिला, ठाऊक आहे? घड्याळाचा. १९५८ मध्ये रोल्स-रॉइसची अमेरिकेत जाहिरात आली, डेव्हिड ओगिल्व्हीची. ताशी साठ मैलांना गाडीतला सगळ्यांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा, अशा अर्थाची. जगभर नाव झालं तिचं."

"चांगलं सुचलं की."

"सुचलं कुठलं! पंचवीस वर्षं आधी, १९३३ मध्ये, पिअर्स-अ‍ॅरोनं हेच म्हटलं होतं. आमच्या गाडीत घड्याळाची टिकटिक सोडून काही ऐकू येत नाही म्हणून."

भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला. "रॉइसच्या गाडीची जाहिरातबी सेकंड-हँड!"

"रॉइस १९३३ मध्येच गेला हो. त्याला कशाला मधे ओढता?"

"असता तर जाहिरात न्हाई छापली त्यानं. आधी घड्याळ खोललं असतं."

अक्का ताट उचलून आत निघाल्या होत्या. पायरीवरून वळून म्हणाल्या, "आमचं भिंतीवरचं घड्याळ कधीपासनं बंद हाय, ते आधी खोला म्हणावं."